घाटावरचं पंचांग उपनगरात चालत नाही
गॅलरीतली बाग : भाग ६

पुणे, सातारा, सोलापूरकडून मुंबईच्या उपनगरात राहायला येणाऱ्या कुटुंबांच्या टेम्पोत सामानाबरोबर कुंड्याही असतात. गुलाब, शेवंती, तुळस आणि जमलं तर गावच्या काळ्या मातीची एक गोणी. पहिला उन्हाळा ही झाडं कशीबशी काढतात. जुलै संपेतो गुलाबाच्या पानांवर काळे ठिपके पडतात, पानं गळतात, शेवंती बुडाशी कुजते आणि ‘मुंबईत काही येत नाही’ असा निकाल घरात लागून जातो. मला तो मान्य नाही. इथे पुष्कळ काही येतं. मात्र बागेचं वर्ष जूनमध्ये सुरू करायची घाटावरची सवय सोडावी लागते. कुंडीतल्या बहुतेक झाडांचं इथलं वर्ष पाऊस परतल्यावर, नवरात्र-दसऱ्याच्या सुमारास सुरू होतं.

पुण्यात वर्षभरात साधारण ७०० ते ७५० मिलिमीटर पाऊस पडतो. सांताक्रूझच्या वेधशाळेत जून ते सप्टेंबर या चारच महिन्यांत सुमारे २३०० मिलिमीटरची नोंद होते. २६ जुलै २००५ला तिथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, म्हणजे पुण्याच्या अख्ख्या वर्षाहून जास्त. पण झाडाला खरा त्रास होतो तो या आकड्यापेक्षा दोन सरींच्या मधल्या वेळात. पुण्यात त्या वेळात वारा पानं सुकवतो. इथे हवाच ओली, त्यामुळे पान दिवसदिवस भिजलेलं राहतं, आणि बुरशीला रुजायला पानावर काही तास ओल टिकली की पुरते. गुलाबावरचे काळे ठिपके त्यातूनच येतात. औषध फवारलं तरी पुढच्या सरीत धुऊन जातं. त्यापेक्षा कुंडी भिंतीकडे सरकवा, दोन कुंड्यांत वारा खेळेल इतकी जागा सोडा आणि खालची पिवळी पानं काढून टाका. याचा उपयोग जास्त होतो.

आता त्या गोणीतल्या मातीबद्दल. काळ्या मातीचे कण फार बारीक असतात, ती पाणी धरून ठेवते. पठारावर हाच तिचा मोठा गुण, कारण रब्बीची ज्वारी साठलेल्या ओलीवरच उभी राहते. कुंडीत, कोकणच्या पावसाखाली, तीच माती चिखल होऊन बसते आणि मुळांना हवा मिळत नाही. उपनगरातल्या नर्सरीत मिळणारी लाल माती निचऱ्याला चांगली, पण तिच्यात कस कमी. म्हणून लाल माती, गांडूळखत आणि कुजवलेला पालापाचोळा साधारण सारख्या प्रमाणात मिसळावा, मूठभर निंबोळी पेंड घालावी. नर्सरीवाले कोकोपीट आग्रहाने देतात. मार्च-एप्रिलमध्ये ते उपयोगी पडतं, पावसाळ्यात मात्र ओल धरून बसतं, म्हणून थोडंच घ्या. गावची माती टाकून देववत नसेल, तर मूठभर तुळशीच्या कुंडीत घाला, तेवढं पुरे.

पालापाचोळ्यावर मी भर देतो त्यामागे मुंबईतलंच एक उदाहरण आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातला ओला कचरा कुजवून भाज्या-फळांची बाग उभी केली. या शहरात माती घरीच तयार होऊ शकते, हे त्या गच्चीने दाखवून दिलं. आपल्या सोसायटीच्या आवारातही देशी बदाम, पिंपळ यांची पानगळ होते. झाडलोट करणाऱ्या ताईंना किंवा काकांना सांगून ठेवलं तर एखादी गोणी सहज मिळते. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातून मात्र पानं किंवा माती आणू नका. ती जंगलाची आहे.

आता ऊन. सूर्याचा हिशोब पुण्यात आणि इथे जवळपास एकच, पण अंगणात तो जाणवत नाही, गॅलरीत मात्र सगळं तोच ठरवतो. मुंबईत १५ मेच्या आणि २८ जुलैच्या आसपास भरदुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो. मधल्या काळात तो दुपारी थोडा उत्तरेकडे झुकलेला असतो. म्हणून दक्षिणेची गॅलरी मे-जूनमध्ये वरच्या मजल्याच्या स्लॅबखाली सावलीत राहते. डिसेंबरात दुपारचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४७-४८ अंश वर असतो, तेव्हा त्याच गॅलरीत ऊन आतपर्यंत पोचतं. मिरची, टोमॅटो, शेवंती यांना हेच दिवस मानवतात. ऑक्टोबरात बाग सुरू करा म्हणतो त्यामागे पावसाइतकंच हे ऊनही आहे. उत्तरेच्या गॅलरीवाल्यांनी फळभाज्यांचा हट्ट न धरता पुदिना, पानओवा यांच्याकडे वळावं.

उपनगरं आपसांतही सारखी नाहीत. वर्सोव्याच्या बाजूला खारा वारा लागून नाजूक पानांच्या कडा करपतात. तिथे जास्वंद, कण्हेर, बोगनवेल तग धरतात. मुलुंड डोंगराच्या आड असल्याने समुद्रावरचा वारा तिथे उशिरा आणि क्षीण होऊन पोचतो. त्यामुळे मार्च ते मे दुपारी कुंड्यांवर हिरवं जाळीचं कापड हवंच.

जून सोडा म्हटलं तरी काही झाडांचा मान जूनचाच. अळू, हळद, आलं, गवती चहा आणि सोनटक्का हे पहिल्या पावसात लावावेत. घाटावर ज्यांना सारखं पाणी घालावं लागतं, ती ही मंडळी इथे आपोआप माजतात. कोथिंबीर उलट स्वभावाची. तिला गारवा लागतो, म्हणून नोव्हेंबरच्या मध्याआधी धणे टाकू नयेत. मेथी महिनाभर आधी टाकली तरी चालते.

कुंड्यांखालच्या ताटल्या पाऊस संपेपर्यंत काढून ठेवा. साचलेल्या पाण्यात आठ-दहा दिवसांत डेंग्यूच्या डासांची नवी पिढी तयार होते, आणि महापालिकेचे कर्मचारी तपासणीला येतात ते त्यासाठीच.

पहिल्या पावसाळ्यातून वाचलेल्या गुलाबाची ऑक्टोबरात, हवा कोरडी झाली की, छाटणी करा. काटकुळ्या फांद्या मुळाशी कापा, जाड फांद्या निम्म्यावर आणा, वरची दोन बोटं माती काढून तिथे खत भरा. छाटलेल्या फांद्यांपासून नवी रोपं कशी करायची, ते पुढच्या आठवड्यात.