तंबाखूचे व्यसन : ते जडते कसे, सुटत का नाही

खेड्यातील मूल तंबाखू प्रथम पाहते ते आपल्या घरीच. आजोबांची चंची, आजीची मशेरीची डबी, वडिलांचे विडीचे बंडल या वस्तू त्याच्या नित्य परिचयाच्या असतात. दुकानातून पुडी आणण्याचे कामही पुष्कळदा त्याच्याकडेच येते. पुढे केव्हातरी सोबत्यांच्या घोळक्यात पहिला झुरका घेतला जातो. ठसका लागतो, मळमळते, डोके गरगरते. शरीर स्पष्ट नकार देत असते. तरीही मुलगा पुन्हा हात पुढे करतो. तो चवीसाठी नव्हे, तर मोठ्यांत आपली गणना व्हावी म्हणून.

व्यसनाचा आरंभ असा संगतीत होतो. ते टिकते मात्र निराळ्या कारणाने. तंबाखूत निकोटीन नावाचे द्रव्य असते. धुरावाटे ते सुमारे 10 सेकंदांत मेंदूत पोहोचते. तंबाखू दाढेखाली धरल्यास ते तोंडातील त्वचेतून रक्तात उतरते, आणि चुन्यामुळे ही क्रिया अधिकच सुलभ होते. क्षणभर बरे वाटते. परंतु नित्य सेवनाने मेंदू त्यास सरावतो व ते न मिळाल्यास चिडचिड, बेचैनी, निद्रानाश सुरू होतो. पोटही साफ होत नाही. विडी ओढताच ही पीडा शमते आणि विडीने डोके शांत होते असा समज दृढ होतो. वस्तुतः विडीने लावलेली तळमळच विडी तात्पुरती शमवीत असते.

ही तळमळ पहिल्या दोन-तीन दिवसांत सर्वाधिक असते व काही आठवड्यांत ओसरते. म्हणून सोडू पाहणारा एकदोनदा घसरला, तर त्यास दुबळा समजू नये. त्याने पुन्हा प्रयत्न करावा. 1800-11-2356 या शासकीय दूरध्वनी क्रमांकावर विनामूल्य मार्गदर्शन मिळते.

सन 2003 च्या कायद्याने 18 वर्षांखालील व्यक्तीस तंबाखू विकण्यास, तसेच शाळेपासून 100 यार्डांच्या आत तिची विक्री करण्यास बंदी आहे. तथापि केवळ कायद्याने वा छडीने हा प्रश्न सुटणार नाही. विद्यार्थी तंबाखूसह सापडल्यास शिक्षकाने त्याला वर्गासमोर लज्जित न करता एकांतात विचारपूस करावी. कोणत्याही मुलास पुडी आणावयास पाठवू नये. आणि ज्या गुरुजींना स्वतःलाच ही सवय असेल, त्यांनी ती लपविण्यापेक्षा सोडण्याचा यत्न करावा, व तो किती कठीण जातो हे मुलांना मोकळेपणी सांगावे. असा प्रामाणिक अनुभव मुलांच्या मनावर दहा व्याख्यानांहून अधिक ठसेल.