विश्लेषण : सोन्यासाठी नद्या उपसल्या गेल्या, ते कोर्कोवाडोचे जंगल वाचले कसे?

कोस्टा रिकाच्या नैऋत्येला, ओसा द्वीपकल्पावर कोर्कोवाडो राष्ट्रीय उद्यान आहे. वन्यजीवप्रेमींची तेथे वर्दळ असते. याच जंगलातून चार दशकांपूर्वी शेकडो सोनेशोधकांना बाहेर काढावे लागले होते.

सोने कुठे सापडते?

येथील नद्यांच्या वाळूत सोन्याचे कण मिळतात. १९३०च्या दशकापासून लोक ते गाळू लागले. त्यांना स्थानिक भाषेत ‘ओरेरो’ म्हणतात. १९७५मध्ये अध्यक्ष डॅनिएल ओदुबेर यांच्या काळात राष्ट्रीय उद्यान घोषित झाले, तरी सोन्याची ओढ संपली नाही.

संघर्ष का पेटला?

१९८०च्या दशकात गोल्फितो परिसरातील केळी कंपनीने गाशा गुंडाळला. बेरोजगार झालेल्यांपैकी अनेकांनी जंगलाची वाट धरली. काठ खणल्याने नद्या गढूळ झाल्या, जलचरांचा अधिवास बिघडला. महिनोन्‌महिने आत राहणारे लोक पोटासाठी शिकारही करत. जीवशास्त्रज्ञ डॅनिएल जॅन्झेन यांच्या पथकाने १९८५मध्ये या हानीचा अहवाल दिला. १९८६मध्ये सरकारने सोनेशोधकांना हटवले. जंगल सावरू लागले, पण पोटापाण्याचा प्रश्न उरलाच. नुकसानभरपाईसाठी त्यांना राजधानी सान होजेत आंदोलन करावे लागले.

आज काय पाहायला मिळते?

देशातील चारही जातींची माकडे, टॅपिर, लाल मकाव पोपट येथे दिसतात. जग्वारही आहे, पण दर्शन दुर्मीळ. सिरेना केंद्राचा परिसर प्राणी पाहण्यासाठी प्रसिद्ध आहे. प्वेर्तो हिमेनेस किंवा ड्रेक येथून तेथे जाता येते. डिसेंबर ते एप्रिल हा कोरडा हंगाम सोयीचा, तर ऑक्टोबरमध्ये मुसळधार पाऊस असतो.

नियम काय?

प्रवेशासाठी आधी परवाना लागतो. २०१४पासून अधिकृत मार्गदर्शक सोबत असणे बंधनकारक आहे. त्यामुळे पर्यटनाचा काही पैसा स्थानिकांच्या हाती राहतो.

धोका टळला का?

नाही. चोरटे उत्खनन आणि शिकार अजूनही होते. एवढ्या मोठ्या जंगलावर मोजक्या वनरक्षकांना पहारा ठेवावा लागतो. मात्र उद्यानालगतच्या दोस ब्रासोस या जुन्या खाणकामगारांच्या गावाने वेगळा मार्ग शोधला आहे. तेथील रहिवासी पर्यटकांना जंगल दाखवतात, सोने गाळण्याची जुनी पद्धतही दाखवतात. खाणीतून मिळत होते तितके उत्पन्न जंगल राखून मिळाले, तरच वनरक्षकांचा भार हलका होईल.