विश्लेषण : जाहीर झालेली मॉडेल रेल्वे इंजिने बाजारात येण्याआधीच रद्द का होतात?

कंपनी नव्या मॉडेल इंजिनाची घोषणा करते. संगणकावरची चित्रे येतात, रंगसंगती ठरते, किंमतही जाहीर होते. हौशी संग्राहक घरातल्या मांडणीत त्या इंजिनासाठी जागा करून ठेवतात. वर्ष-दीड वर्ष जाते आणि मग दोन ओळींचे निवेदन येते : पुरेशी मागणी न आल्यामुळे हे उत्पादन रद्द करण्यात येत आहे. ब्रिटन आणि अमेरिकेतील मॉडेल रेल्वेच्या चाहत्यांना हा अनुभव नवा नाही. पहिली प्रतिक्रिया अर्थातच चिडीची असते. मात्र बहुतेक वेळा या माघारीमागे साधे गणित असते आणि त्यात ग्राहकाच्या वाट पाहण्याचाही वाटा असतो.

हा बाजार नेमका कसा आहे?

पुण्यात कोथरूडचे जोशींचे मिनिएचर रेल्वे संग्रहालय ज्यांनी पाहिले आहे, त्यांना ही दुनिया परिचित असेल. खऱ्या रेल्वेच्या ८७व्या भागाएवढे मॉडेल म्हणजे ‘एचओ’. जगात सर्वाधिक चालणारे माप हेच. ब्रिटनमध्ये त्याहून किंचित मोठे ‘ओओ’ हे माप रुळले आहे. हॉर्नबी, बाकमन, जर्मनीची मार्कलिन, जपानची काटो, अमेरिकेची अथर्न, कॅनडाची रॅपिडो ही या क्षेत्रातील ठळक नावे.

नावे मोठी असली तरी एकेका मॉडेलचा खप मोठा नसतो. मोबाइल किंवा खेळण्यातली मोटार लाखांत खपते. विशिष्ट काळातले, विशिष्ट मार्गावर धावलेले एखादे इंजिन घेणारे ग्राहक मात्र काही शे ते काही हजार एवढेच असतात.

खर्च कुठे होतो?

साच्यांवर. मॉडेलचे प्लास्टिकचे भाग ‘इंजेक्शन मोल्डिंग’ने बनतात. वितळलेले प्लास्टिक पोलादी साच्यात दाबाने भरायचे, थंड झाले की भाग बाहेर काढायचा. घरातली बादलीही अशीच बनते. फरक असा की बादलीच्या एका साच्यातून लाखो नग निघतात आणि साच्याचा खर्च त्यांत विरून जातो. मॉडेल इंजिनाला टपाचा, चौकटीचा, शिड्यांचा, दिव्यांचा असे अनेक साचे लागतात. केसाएवढे बारीक रिव्हेट उठून दिसावेत म्हणून ते अतिशय अचूक कोरावे लागतात. त्याआधी खऱ्या इंजिनाची मोजमापे, जुनी रेखाचित्रे आणि संगणकीय आराखडे यांवर महिनोन्‌महिने काम झालेले असते.

हा सगळा खर्च पहिला नग विकला जाण्याआधीचा. समजण्यासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. साचे आणि आराखडे यांचा खर्च एक कोटी रुपये आणि मोटर, सर्किट, रंगकाम, जुळणी मिळून प्रत्येक नगाचा खर्च पाच हजार रुपये आहे, असे धरू. चार हजार नग काढले तर साच्यांचा वाटा नगामागे अडीच हजार, म्हणजे एकूण खर्च साडेसात हजार. एक हजारच काढले तर तोच खर्च १५ हजारांवर जातो. चारशे काढले तर थेट ३० हजार! वाहतूक आणि दुकानदाराचा नफा यात अजून धरलेलाच नाही. किंमत वाढवावी तर ग्राहक आणखी घटतात. अशा वेळी साचे कापण्याआधी थांबणे हाच सर्वांत स्वस्त पर्याय उरतो.

मागणीचा अंदाज कसा घेतला जातो?

अनेक कंपन्या आता आधी घोषणा करतात आणि मागणी नोंदवण्याची अंतिम तारीख देतात. अथर्न आणि रॅपिडो यांच्याकडे ही पद्धत रुळली आहे. दुकानदार आपल्या ग्राहकांना विचारून आकडा कळवतात आणि त्यावरून किती नग काढायचे हे ठरते. म्हणजे घोषणा ही पुष्कळदा बाजाराची चाचपणी असते. ग्राहक मात्र तिला वचन समजतो. गैरसमजाची सुरुवात इथेच होते.

दुसरी अडचण कारखान्याची. बरेचसे उत्पादन चीनमधल्या कंत्राटी कारखान्यांत होते. तिथे जुळणी आणि बारीक रंगकाम हातानेच चालते, त्यामुळे कुशल कामगारांचा वेळ मोलाचा असतो. कमी नगांच्या कामाला तिथे सहजासहजी पाळी मिळत नाही. हॉर्नबीची बरीच मॉडेल्स बनवणारा ‘सांडा कान’ हा कारखाना २००९च्या सुमारास बाकमनची मूळ कंपनी केडरने घेतला. पुढे हॉर्नबीला पुरवठ्याच्या मोठ्या अडचणी आल्या आणि काम इतरत्र हलवावे लागले. कारखान्यातली पाळी किती महत्त्वाची असते, हे त्यातून दिसले.

मागणी कमी का पडते?

पहिले कारण आठवणींचे. माणूस बहुधा लहानपणी पाहिलेले इंजिन विकत घेतो. ब्रिटनमध्ये १९२३पूर्वीच्या छोट्या रेल्वे कंपन्यांची इंजिने देखणी असली, तरी त्या काळात ती धावताना पाहिलेले लोक आता जवळपास उरलेले नाहीत. वाफेच्या इंजिनांची आठवण असलेली पिढीही वयस्क झाली आहे.

दुसरे कारण एकाच मॉडेलवर पडणाऱ्या उड्या. ब्रिटनच्या ‘क्लास ७१’ या विजेच्या इंजिनाचे ओओ मॉडेल डीजे मॉडेल्स आणि हॉर्नबी या दोघांनीही हाती घेतले. ‘टेरियर’ या लहानग्या वाफेच्या इंजिनाबाबतही २०१८-१९मध्ये दोन मॉडेल्स समोरासमोर आली. मुळात छोटा असलेला ग्राहकवर्ग असा दुभंगला की दोघांचेही गणित कोलमडू शकते.

तिसरे कारण ग्राहकाची हुशारी. ‘आत्ता कशाला नोंदवायचे? बाजारात आले की सवलतीत घेऊ,’ असा विचार बरेच जण करतात. एकट्यापुरता तो शहाणपणाचा आहे. सगळ्यांनी केला तर मात्र अंतिम तारखेला कागदावर मागणी दिसत नाही आणि सगळ्यांना हवे असलेले इंजिन कुणालाच मिळत नाही.

रद्द न करता रेटले तर?

माल पडून राहतो, पैसा अडकतो. हॉर्नबीने २०१२च्या लंडन ऑलिम्पिकच्या स्मृतिवस्तू बाजारात आणल्या होत्या. त्या अपेक्षेप्रमाणे खपल्या नाहीत आणि कंपनीला नफा घटण्याचा इशारा द्यावा लागला. २०१६मध्ये पुन्हा अडचणीत आल्यावर तिने उत्पादनांची संख्या मोठ्या प्रमाणात कमी करायचे ठरवले. पडून राहिलेला माल सवलतीत काढला की आणखी एक नुकसान होते. पूर्ण किंमत मोजलेला ग्राहक आणि दुकानदार दोघेही दुखावतात आणि पुढच्या वेळी आधी नोंदणी करत नाहीत.

ग्राहकांकडून आगाऊ पैसे घेऊन साचे करण्याचा मार्गही वापरून झाला आहे. पण त्यात जोखीम ग्राहकाच्या गळ्यात पडते. अशा पद्धतीने काही मॉडेल्स आणू पाहणारी डीजे मॉडेल्स २०१९मध्ये बंद पडली, तेव्हा आगाऊ पैसे भरलेल्यांना हे चांगलेच कळले.

रद्द म्हणजे कायमचे संपले का?

नेहमीच नाही. आराखडे तयार असतील तर बाजार सुधारल्यावर ते पुन्हा बाहेर काढता येतात. साचे झालेले असतील तर नवा रंग, नवा क्रमांक देऊन तेच इंजिन वर्षानुवर्षे विकता येते. बहुतेक कंपन्यांचा नफा याच टप्प्यावर सुरू होतो. ब्रिटनमधील हॅटन्स या १९४६पासूनच्या विक्रेत्याने २०२४मध्ये व्यवसाय गुंडाळला, तेव्हा त्याच्या स्वतःच्या मॉडेल्सचे साचे इतर उत्पादकांनी घेतले. म्हणजे कंपनी गेली तरी साचा राहतो. साचा झालाच नसेल, तर मात्र मागे काही उरत नाही.

भारतीय इंजिने का दिसत नाहीत?

मोठ्या जागतिक कंपन्यांच्या कॅटलॉगमध्ये भारतीय रेल्वेची इंजिने फारशी आढळत नाहीत. गणित तेच, त्यात रुळांची आणखी एक अडचण. एचओचा १६.५ मिलिमीटरचा रूळ १४३५ मिलिमीटरच्या आंतरराष्ट्रीय गेजसाठी आहे. आपला ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचा, म्हणजे त्याच प्रमाणात सुमारे १९.३ मिलिमीटर. अचूक मॉडेल करायचे तर रूळही वेगळे हवेत, आणि ते घेणारे आणखी कमी.

ग्राहकाने काय लक्षात ठेवावे?

घोषणेतली ‘अपेक्षित तारीख’ हा अंदाज असतो. नोंदणीची अंतिम तारीख मात्र खरी असते, कारण निर्णय तिथेच होतो. नोंदणीसाठी पैसे मागत असतील तर उत्पादन रद्द झाल्यास ते परत मिळण्याची अट आधी वाचावी. आणि एखादे इंजिन मनापासून हवे असेल, तर ते दुकानाच्या काचेमागे दिसण्याची वाट पाहू नये. सगळेच वाट पाहत राहिले तर ते काचेमागे येणारच नाही.