शनिवारचा खर्च, शुक्रवारच्या नावावर!

फेस्ट संपला, मांडव उतरला आणि सोमवारी आम्ही कँटीनमध्ये हिशेबाला बसलो. खजिनदार मीच. लॅपटॉपवर शिल्लक दिसत होती १०,५०० रुपये. कॅशच्या डब्यात निघाले २,९००. दोनदा मोजले, तीनदा मोजले. कुणी काही बोललं नाही, पण सगळ्यांच्या नजरा डब्यावरून माझ्याकडे वळल्या. ७,६०० रुपये गेले कुठे?

पैसे कुठेच गेले नव्हते. गडबड एक्सेलमध्ये होती आणि ती मीच करून ठेवली होती.

तीन दिवसांच्या तीन शीट्स होत्या : शुक्रवार, शनिवार, रविवार. शुक्रवारच्या शीटवर खर्चाच्या रकान्याला मी नेम बॉक्समध्ये, म्हणजे फॉर्म्युला बारच्या डावीकडच्या छोट्या चौकटीत, 'खर्च' असं नाव दिलं. सी२ ते सी४० हे लक्षात ठेवण्यापेक्षा 'खर्च' लिहिणं केव्हाही सोपं. मग तोच तक्ता कॉपी करून पुढच्या दोन शीट्सवर पेस्ट केला आणि आकडे बदलले. झालं काम!

इथेच फसलो. नेम बॉक्समध्ये नुसतं नाव टाकलं की ते अख्ख्या वर्कबुकला लागू होतं. त्यामुळे शनिवारच्या शीटवरही 'खर्च' म्हणजे शुक्रवारचाच खर्च. शनिवारी जमा होती २४,०००, खरा खर्च २३,४००. पण शीटने वजा केले शुक्रवारचे १८,५००. म्हणून शिल्लक ६०० ऐवजी ५,५००. रविवारीही तेच : ८०० ऐवजी ३,५००. आणि एक्सेलने एकदाही एरर दाखवली नाही. त्याच्या दृष्टीने सगळं बरोबरच होतं ना!

घरचा दादा, गल्लीतला दादा

यावर उपाय म्हणजे नावाचा 'स्कोप'. घरात 'दादा' अशी हाक मारली की कोणता दादा, हे सांगावं लागत नाही. प्रत्येक घराचा आपापला दादा. बाहेर मात्र 'जोशांचा दादा' म्हणावं लागतं. वर्कशीटपुरतं दिलेलं नाव अगदी असंच. तिन्ही शीट्सवर 'खर्च' हे एकच नाव चालतं आणि फॉर्म्युला ज्या शीटवर, त्याच शीटचा खर्च धरला जातो. त्याच नावाचा वर्कबुकभर चालणारा 'गल्लीतला दादा' असला, तरी नवा फॉर्म्युला लिहिताना घरात घरच्याच दादाचं चालतं.

करायचं कसं?

- रेंज सिलेक्ट करा. फॉर्म्युलाज टॅबमध्ये डिफाइन नेमवर जा आणि स्कोपमध्ये 'वर्कबुक'ऐवजी त्या शीटचं नाव निवडा.
- शॉर्टकट हवाय? नेम बॉक्समध्येच 'शनिवार!खर्च' असं लिहून एंटर मारा. शीटच्या नावात स्पेस असेल, तर शीटचं नाव एकेरी अवतरणचिन्हांत घाला.
- एकूण हिशेबाच्या शीटवरही असंच पूर्ण नाव वापरा : शुक्रवार!खर्च, शनिवार!खर्च, रविवार!खर्च. जोशांचा दादा, आठवतंय ना?
- आधी दिलेल्या नावाचा स्कोप बदलता येत नाही. कंट्रोल आणि एफ३ दाबून नेम मॅनेजर उघडा, जुनं नाव डिलीट करा, नव्याने द्या. फॉर्म्युलाही पुन्हा टाकून घ्या.
- तक्ता कॉपी-पेस्ट करू नका, अख्खी शीटच कॉपी करा. टॅबवर राइट क्लिक, 'मूव्ह ऑर कॉपी', मग 'क्रिएट अ कॉपी'वर टिक. नव्या शीटला तिची स्वतःची नावं मिळतात.

एक गंमत : इंग्रजीत 'डे१' हे नाव देऊन बघा. एक्सेल नाही म्हणेल. त्याच्या १६,३८४ कॉलम्समध्ये डी-ए-वाय हाही एक कॉलम आहे, म्हणजे तो झाला सेलचा पत्ता!

त्या दिवशी कँटीनमध्येच सगळी नावं नव्याने दिली. शिल्लक आली २,९००. डबा जुळला, बिलं जुळली, नजरा निवळल्या. चहा मात्र सगळ्यांना मलाच पाजावा लागला. तुमच्यावर ती वेळ यायला नको असेल, तर हिशेब कुणाला दाखवण्याआधी नेम मॅनेजरमधल्या 'स्कोप'च्या कॉलमवर एक नजर टाका. दहा सेकंदांचं काम आहे.