अजिंठ्याचं चोविसावं लेणं
अजिंठ्याला गेलेली मंडळी १, २, १६, १७ ही चित्रांची लेणी पाहतात, १९चं चैत्यगृह पाहतात, आणि २६मधल्या निजलेल्या बुद्धाकडे निघेपर्यंत पायांत गोळे आलेले असतात. वाटेतलं २४ मग बहुतेकांचं सुटतं. "ते अर्धवट आहे" एवढ्यावर त्याची बोळवण होते. लेणं खोदतात कसं हे ज्याला पाहायचंय, त्याने मात्र इथेच थांबावं.

परभणीकरांना तर ते परकं वाटायला नको. ज्या वाकाटकांच्या अमदानीत हे काम चाललं, त्यांची राजधानी वत्सगुल्म म्हणजे वाशीम. तिथे सापडलेल्या ताम्रपटात नंदिकटाचा, म्हणजे नांदेडचा, उल्लेख आहे. सगळा आपल्या शेजारपाजारचाच कारभार.

पुरं झालं असतं, तर ४ नंबरच्या खालोखाल अजिंठ्यातला हा सर्वांत मोठा विहार ठरला असता. ओसरीच्या खांबांवरची वेलबुट्टी पाहा, कसलेल्या हाताची आहे. दोन पावलं आत गेलं की टाकीचे घाव उघडे. म्हणजे आतलं खोदकाम उरकायची वाट न पाहता बाहेर नक्षीवाले बसले होते. खोदणारे बेसाल्टमध्ये लांबच लांब बोळ पाडत जात. दोन बोळांमधली भिंत मागाहून फोडायची, खांबापुरता दगड तेवढा राखायचा. आधी छत, शेवटी जमीन. त्यामुळे छतासाठी परांची कशाला? न फोडलेल्या दगडावरच उभं राहायचं.

बांधीव इमारत अपुरी राहिली तर पुढे चढवता येते. बार्सिलोनाचं साग्रादा फामिलिया हे चर्च १८८२ साली सुरू झालं. त्याचा वास्तुकार गौदी १९२६ साली गेला, तरी पुढच्या पिढ्या वर दगड चढवत राहिल्या. इथे उलटं: अपुरेपण म्हणजे आत उरलेला दगड. आणि जास्तीचा निघाला तर तो परत बसवता येत नाही. ४ नंबरमध्ये छतच निखळलं, तेव्हा आणखी वर खोदण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

काम का थांबलं? अजिंठ्याचे अभ्यासक वॉल्टर स्पिंक यांच्या मते इ.स. ४७७च्या सुमारास वाकाटकांचा हरिषेण राजा वारला आणि दात्यांचा आधार तुटला. सगळ्या अभ्यासकांना हा हिशेब पटत नाही. एकाच मरणावर एवढा भार टाकणं मलाही जड जातं. पण ५, १४, २३ हीसुद्धा अपुरीच आहेत. २९ तर २० आणि २१च्या मधे, वरच्या कड्यात, जेमतेम हात घातलेलं चैत्यगृह आहे.