बिनरक्ताचा अर्धा मिलिमीटर

दसऱ्याच्या सुमाराला लोणार तालुक्यातल्या बीबीच्या शिवारात सोयाबीनच्या सुड्या थ्रेशरमध्ये जातात आणि कुटाराचा धुरळा उडतो. एखादा कण डोळ्यात गेला की हात आपोआप वर जातो, डोळा करकरून चोळला जातो. कुणी पदराचा बोळा करून तोंडाची वाफ देतं. काम थांबत नाही.

तो कण जिथे रुततो ती जागा मात्र थक्क करणारी आहे. डोळ्याच्या दर्शनी भागावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, मध्यभागी जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असतो. प्रकाश वळवून डोळ्याच्या आतल्या पडद्यावर आणण्याचं सुमारे दोन-तृतीयांश काम तोच करतो. आणि त्यात रक्तवाहिनी एकही नाही! लागणारा ऑक्सिजन तो मुख्यतः अश्रूंच्या थरातून, थेट हवेतून घेतो. डोळ्याचा पांढरा भाग ज्या कोलॅजनचा बनतो, त्याचाच हाही बनलेला. पण इथले तंतू इतके सारख्या जाडीचे आणि नेमक्या अंतरावर असतात, की आडवातिडवा विखुरणारा प्रकाश जागच्या जागी विरतो आणि सरळ येणारा तेवढा आत पोचतो. आतल्या बाजूचा पेशींचा एकेरी थर अहोरात्र पाणी उपसत असतो. तो थकला की कॉर्निया फुगतो, धुरकटतो. त्या थरातल्या मेलेल्या पेशींची जागा नव्या पेशी घेत नाहीत.

रक्त नाही म्हणून स्वच्छ, पण रक्त नाही म्हणून संरक्षणाची कुमकही उशिरा पोचते. साधा ओरखडा एक-दोन दिवसांत भरून येतो. कुटाराबरोबर बुरशी आत गेली तर ती निवांत वाढते. फ्युजेरियम आणि अ‍ॅस्परजिलस या शेतातल्याच बुरशी. त्यावर घरात उरलेली ड्रॉपची बाटली उघडायची सवय मला चोळण्यापेक्षाही घातक वाटते. त्यात स्टिरॉइड असेल तर लाली उतरते, बरं वाटतं आणि बुरशीला रान मोकळं मिळतं. जखम भरते तेव्हा तंतूंची शिस्त मोडलेली असते. मग डोळ्यात फूल पडलं म्हणतात. नेपाळमधल्या भक्तपूरला हे वेळीच रोखून पाहिलं गेलं. डोळ्याला इजा झालेल्यांना गावोगावच्या नेत्रसेवकांनी जवळच्या केंद्रात पाठवलं आणि ओरखडा गेलेल्या डोळ्यांत तिथे अँटिबायोटिक मलम घातलं गेलं. ज्यांना ते १८ तासांच्या आत मिळालं, त्यांच्यापैकी कुणालाही व्रण झाला नाही.

नुसतं चोळणंही निरुपद्रवी नाही. अ‍ॅलर्जीच्या खाजेने वर्षानुवर्षं डोळे रगडणाऱ्या काही मुलांचा कॉर्निया पातळ होत शंकूसारखा पुढे येतो आणि चष्म्याचा तिरपा नंबर सारखा बदलत राहतो.

आणि चुना. तंबाखू मळताना बोटाला लागलेला, किंवा पोरांनी दाबून फोडलेल्या पुडीतला. लोणारच्या सरोवराचं पाणी इतकं अल्कधर्मी, की त्याचा पीएच साधारण १० भरतो. ओल्या चुन्याचा १२च्या वर. या मोजपट्टीवर दर पायरी दहापट, म्हणजे खिशातली डबी सरोवराला शंभर पटींनी मागे टाकते. अल्क पेशींच्या आवरणातल्या चरबीचा साबण करत खोल शिरतं. तेव्हा डोळा तिथल्या तिथे भरपूर स्वच्छ पाण्याने धुवायचा, पापणीखालचे कण काढायचे आणि मगच दवाखान्याची गाडी पकडायची.

७ डिसेंबर १९०५ रोजी आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ओलोमोउत्सला डॉ. एडुआर्ड झिर्म यांच्यापुढे जो मजूर होता, त्याचे दोन्ही डोळे चुन्यानेच गेले होते. एका मुलाच्या काढाव्या लागलेल्या डोळ्यातला कॉर्निया झिर्मनी त्याला बसवला. दोन्ही डोळ्यांत बसवला, एकात टिकला, आणि मजूर पुन्हा कामावर गेला. रक्तगटांचं ज्ञान तेव्हा नुकतंच उजाडलेलं, अवयव नाकारला जाऊ नये म्हणून द्यायची औषधं तर अजून जन्मायचीच होती. तरी ते जमलं, कारण कॉर्नियात रक्त फिरत नाही; परका तुकडा आलाय हे शरीराच्या पहारेकऱ्यांना सहसा कळतच नाही.