ओवीचे ध्वनिसंपादन आणि लहान ध्वनिक्षेपकाची निवड

जात्यावरील ओवीच्या ध्वनिमुद्रणात दोन आवाज एकत्र येतात : बाईचा गळा आणि जात्याची घरघर. हेमा राईरकर व गी पॉइटवाँ यांच्या ओवीसंग्रहकार्यात बीड जिल्ह्यातील माजलगाव येथील ओव्याही १९९६ साली ध्वनिमुद्रित झाल्या. असे कार्य आज केज तालुक्यातील युसूफ वडगावी करून तेथीलच एखाद्या खोलीत संपादन करावयाचे झाल्यास, अल्प खर्चात कोणता ध्वनिक्षेपक घ्यावा, हा प्रश्न केवळ तांत्रिक राहत नाही. जो आवाज संपादकास नीट ऐकू येत नाही, त्यावर तो अजाणता कात्री चालवितो.

सक्रिय ध्वनिक्षेपकाच्या पेटीतच विवर्धक बसविलेला असतो. त्यामुळे विवर्धकाचा निराळा खर्च वाचतो. घरगुती श्रवणासाठी केलेले ध्वनिक्षेपक पुष्कळदा खर्ज फुगवून आवाज गोड करतात. संपादनास मात्र गोडवा नको, यथातथ्यता हवी.

पडद्याचा व्यास ही दुसरी कसोटी होय. स्त्रीच्या बोलण्यातील मूलस्वर साधारणतः दर सेकंदास १६५ ते २५५ कंपनांचा असतो. गाताना तो बहुधा आणखी चढतो. तेवढ्यापुरता तीन-चार इंची पडदा पुरेसा आहे. परंतु १०० कंपनांखाली तो झपाट्याने दुबळा होतो, आणि जात्याच्या घरघरीतील खर्जाचा अंश तेथेच हरवतो. पाच इंची पडदा सामान्यतः ५०-६० कंपनांपर्यंत उतरतो. तो परवडत नसल्यास हेडफोनवर पडताळा घेणे अगत्याचे आहे.

तिसरी गोष्ट मांडणीची. तीस पैसा लागत नाही. ध्वनिक्षेपकाचा दर्शनी भाग मागील भिंतीपासून अर्ध्या मीटरवर असेल, तर भिंतीवरून परतलेली लहर सुमारे १७० कंपनांच्या स्वरास क्षीण करते. हा स्वर स्त्रीच्या आवाजाच्या पट्ट्यातीलच आहे. ध्वनिमुद्रण निर्दोष असूनही संपादकास गळा पोकळ वाटतो आणि तो नसलेली उणीव भरून काढू लागतो. म्हणून ध्वनिक्षेपक भिंतीच्या अगदी निकट ठेवून, सोय असल्यास पेटीवरील कळीने खर्ज कमी करावा. दोन्ही ध्वनिक्षेपक व श्रोता यांचा सुमारे एक मीटर बाजूचा समभुज त्रिकोण साधावा.

सारांश, अल्पमोली ध्वनिक्षेपकही उपयुक्त ठरतो. मात्र त्याची मर्यादा संपादकास ठाऊक असली पाहिजे. घरघर हा ओवीतील व्यत्यय नव्हे, तो तिच्या लयीचा आधार आहे. ती ठेवावी की कमी करावी, हा निर्णय ती ऐकूनच व्हावयास हवा.